दाट रानातल्या शिकारीसाठी परवडणारी रायफल कोणती? (न्यूझीलंड, उत्तर बेट)

हटव्हॅलीकर

नमस्कार मंडळी. फायरआर्म्स लायसन्स हातात आलं आहे, रायफल अजून घेतलेली नाही. एकूण २,००० डॉलर बाजूला काढलेत. त्यात रायफल, स्कोप, माउंट आणि जमलं तर सप्रेसर (नळीच्या तोंडावर बसवायचा, आवाज कमी करणारा डबा) बसवायचा आहे. काडतुसांचे पैसे वेगळे.

शिकार मुख्यतः रेमुताका आणि तारारुआच्या रानात, लाल हरणाची. पुढे कधी कावेकात सीका जातीचं हरीण. उघड्या डोंगरउतारावरून लांबचा नेम धरायचा विचार नाही. सगळं चालणं झाडीत, ओढ्याकाठी, सप्लजॅकच्या वेलींच्या गुंत्यातून. उंची १६५ से.मी. आहे आणि अंगानं सडपातळ आहे, त्यामुळे धक्का किती बसेल याचीही काळजी वाटते.

दुकानात दोन गोष्टी सुचवल्या. एक, ६.५ क्रीडमूर काडतुसाची रायफल, २४ इंची नळी आणि वर ४-१६ पटीचा स्कोप असं तयार पॅकेज. दुसरी, जुनी .३०३, अगदी स्वस्तात. दोन्ही गोष्टी मनाला पटत नाहीत, पण नेमकं का ते सांगता येत नाही. जाणकारांनी कॅलिबर, नळीची लांबी, स्कोप आणि वापरलेली रायफल घ्यावी की नवी, यावर सविस्तर लिहावं ही विनंती.

जाळीवाट

तुमच्या मनाला पटलं नाही ते बरोबरच आहे. त्या पॅकेजमधली प्रत्येक वस्तू चांगली आहे, पण ती दुसऱ्या प्रकारच्या शिकारीसाठी आहे.

आधी अंतराचा हिशेब मांडा. तारारुआच्या झाडीत हरीण दिसतं ते २० ते ५० मीटरवर. ८० मीटर मोकळं दिसलं तर नशीब समजा. ६.५ क्रीडमूरचं बळ तिच्या लांबट गोळीत आहे. ती वाऱ्यात कमी वाहते आणि ४००-५०० मीटरपर्यंत वेग टिकवते. ४० मीटरवर या गुणाचा उपयोग शून्य. हरीण तिनं पडतं, यात शंका नाही, पण ज्याचा उपयोग नाही त्याचे पैसे कशाला मोजायचे?

माझं मत .३०८ विंचेस्टर. कारणं साधी आहेत. काडतूस जवळजवळ प्रत्येक दुकानात मिळतं, स्वस्त सरावाच्या काडतुसांपासून पक्क्या बाँडेड (आतलं शिसं आणि वरचं आवरण एकमेकांना जोडलेल्या) गोळीपर्यंत सगळे प्रकार मिळतात, वापरलेल्या रायफली भरपूर आहेत, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आखूड नळीत ती फारसं काही गमावत नाही. नळी एक इंच कमी केली की वेग साधारण ६ ते ८ मीटर प्रतिसेकंद घटतो. २२ इंचांवरून १८ वर आणली तर तीसेक मीटर प्रतिसेकंद गेले. ४० मीटरवरच्या हरणाला त्यानं काहीच फरक पडत नाही.

धक्क्याची भीती असेल तर ७ मिमी-०८ बघा. तिची काडतूस-नळी .३०८ चीच, फक्त मान आवळलेली. १४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी, धक्का थोडा कमी, हरणासाठी तितकीच पुरेशी. तोटा एकच, काडतुसांची निवड कमी आणि स्वस्त सरावाचा माल क्वचित. .२४३ चा धक्का .३०८ च्या जवळपास निम्मा, आणि मोकळ्या जागी बरगडीमागे नीट नेम मिळाला तर ती काम करते. पण झाडीत सावज तिरकं उभं असतं, अर्धं झाडामागे असतं, आणि हलकी गोळी खांद्याच्या हाडावर फुटून आत पोचत नाही. शिवाय पलीकडून बाहेर पडलेली जखम नसेल तर रक्ताचा माग मिळत नाही. नेच्यांच्या गर्दीत ६० मीटर पळालेलं हरीण माग नसेल तर सापडत नाही. जखमी जनावर रानात सोडून यावं लागणं यापरतं वाईट काही नाही, म्हणून कॅलिबर निवडताना मी तिरक्या नेमाचा विचार आधी करतो.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. ‘जड, गोल टोकाची, मंद गोळी फांद्या तोडत जाते’ असं जुने लोक सांगतात. कुठलीच गोळी काटक्यांतून सरळ जात नाही. जड गोळी थोडी कमी वळते इतकंच, आणि फांदी सावजापासून जितकी दूर, तितकी चूक मोठी. झाडीतून मोकळी फट शोधायची, फट नसेल तर चाप ओढायचा नाही.

गोळीबद्दल: २० मीटरवर .३०८ ची गोळी अजून ८०० मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास असते. त्या वेगाला स्वस्त, मऊ टोकाची १५० ग्रेनची गोळी हाडावर आपटली की तुकडे होतात आणि पुढचा पाय खाण्यालायक राहत नाही. म्हणून झाडीत १६५ किंवा १८० ग्रेनची साधी सॉफ्ट पॉइंट, नाहीतर १५० ग्रेनची बाँडेड. वेग थोडा कमी, गोळी एकसंध, मांस वाचतं. फुल मेटल जॅकेट हरणावर कधीच वापरायची नाही. ती फुलत नाही, सुईसारखी आरपार जाते आणि हरीण लांब जाऊन मरतं.

आता रायफल. बोल्ट-ॲक्शन (हातानं बोल्ट मागेपुढे करून प्रत्येक काडतूस भरायची) घ्यायची हे ठरलेलंच आहे, कारण सेंटरफायर सेमी-ऑटोमॅटिक एप्रिल २०१९ पासून सामान्य परवान्यावर बंद आहेत. तुमच्या पैशात हे पर्याय बसतात.

हाउवा १५००, जपानी. पोलादी, भक्कम, दोन टप्प्यांचा चाप छान. सेफ्टी तीन स्थितींची आहे. मधल्या स्थितीत सेफ्टी लागलेली असतानाच बोल्ट उघडून काडतूस बाहेर काढता येतं, आणि नवशिक्यासाठी हे फार मोलाचं आहे. तोटा वजनाचा. साध्या दस्त्यासह रिकामी रायफलच सव्वातीन-साडेतीन किलो भरते.

रुगर अमेरिकन. पावणेतीन-तीन किलो, बोल्ट फक्त ७० अंश उचलावा लागतो, चाप स्वतः जुळवता येतो. हिची कॉम्पॅक्ट आवृत्ती १८ इंची नळीची आणि आखूड दस्त्याची आहे, ती तुमच्या उंचीला बसेल. पहिल्या पिढीच्या रुगरची सेफ्टी बोल्टला कुलूप लावत नाही हे लक्षात ठेवा. झाडीत वेलीनं बोल्टची मूठ उचलली जाऊ शकते, दर थोड्या वेळानं अंगठ्यानं चाचपायची सवय लावा.

सॅव्हेज ॲक्सिस सगळ्यात स्वस्त. नळी चांगली, नेम चांगला, पण पहिल्या साध्या ॲक्सिसचा चाप जड आहे. नंतरच्या ॲक्सिस २ ला ॲक्युट्रिगर (जुळवता येणारा हलका चाप) आला, घ्यायची तर ती. प्लास्टिकचा दस्ता पुढे लवचिक आहे, झाडाला टेकवून नेम धरलात तर तो नळीला चिकटतो आणि गोळी सरकते. दस्ता आणि नळी यांच्यामध्ये जाड कागदाची पट्टी घालून मागपर्यंत सरकवून बघा. अडकली तर त्या जागी सँडपेपरनं दस्ता आतून घासायचा.

टिक्का टी३एक्स सगळ्यांत गुळगुळीत चालते, तीन किलोच्या आत, आणि सेफ्टी लावली की बोल्टही बंद. नवी घेतली तर तुमचे बहुतेक पैसे तिच्यातच संपतील. वापरलेली मिळाली तर मी दुसरं काही बघणार नाही.

नळी १६ ते १८ इंच. हाउवाची मूळ नळी २२ इंची, रायफलची लांबी १०७ से.मी. च्या आसपास. त्यावर साधा सप्रेसर चढवला की ती १२० से.मी. कडे जाते आणि प्रत्येक वेलीत तोंड अडकतं. नळी १८ इंच करून वर नळीवर मागे सरकणारा सप्रेसर लावला तर तोंडापुढे साधारण १०-१२ से.मी. च वाढतात, म्हणजे एकूण लांबी मूळ रायफलीएवढीच राहते. नळी कापणं आणि आटे पाडणं हे गनस्मिथचं काम आहे, घरी करवतीनं नाही. .३०८ ला ५/८ बाय २४ (इंची) किंवा १४ बाय १ (मि.मी.) चे आटे पाडून घ्या. १/२ इंची आट्यांत .३० च्या भोकाभोवती धातूची भिंत फार पातळ उरते. कायद्यानं एकूण लांबी ७६२ मि.मी. च्या खाली गेली की तिला पिस्तूल मानतात. १६ इंची बोल्ट-ॲक्शन त्यापेक्षा बरीच लांब असते, पण घडीच्या दस्त्याच्या नादाला लागू नका.

भिंगवाला

जाळीवाट यांनी रायफलीवर इतकं लिहिलं आहे की स्कोपवर मी लिहितो. आणि पैशांच्या वाटणीत माझं थोडं वेगळं मत आहे. या बजेटमध्ये टिक्का शोधण्यापेक्षा वापरलेली हाउवा घ्या आणि वाचलेले पैसे स्कोप, माउंट आणि काडतुसांत घाला. ३० मीटरवर दोन्ही रायफलींचा नेम सारखाच. अंधाऱ्या झाडीत हरणाचा कान ओळखू येणं किंवा न येणं हे मात्र भिंगावर ठरतं.

४-१६ पटीचा स्कोप रानात अडचण करतो. गणित बघा. ३ पटीला साधारण स्कोपमध्ये १०० मीटरवर ११ मीटर रुंदी दिसते, म्हणजे २० मीटरवर सव्वादोन मीटर. चार पटीला त्याहून कमी. हरीण हलतंय, तुम्ही रायफल खांद्याला लावली, आणि भिंगात नुसता तपकिरी-हिरवा धूसर रंग. ते कुठे आहे हे शोधण्यात सावज निघून जातं. १.५ पटीला २० मीटरवर पाचेक मीटर रुंदी मिळते. दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता येतो.

म्हणून १-४, १.५-४, १.५-५ किंवा फार तर २-७. लुपोल्ड व्हीएक्स-फ्रीडम १.५-४ बाय २० किंवा २-७ बाय ३३, व्हॉर्टेक्स क्रॉसफायर २ चा २-७ बाय ३२, अशा वर्गातला बघा. सीकासाठी कावेकाच्या उघड्या पट्ट्यांवर कधी १५० मीटरवरून नेम लागणार असेल तर २-७ घ्या.

‘झाडीत अंधार असतो, ५० मि.मी. चं भिंग हवं’ असं कोणी सांगितलं तर भागाकार करा. भिंगाचा व्यास भागिले पट, इतका प्रकाशाचा झोत डोळ्यापर्यंत येतो. २० मि.मी. भागिले ४ म्हणजे ५ मि.मी. चाळिशीतल्या माणसाची बाहुली अंधारात साधारण तितकीच उघडते. पट कमी केली की झोत आणखी रुंद. ५० मि.मी. च्या भिंगाला उंच रिंग (स्कोप धरणारी कडी) लागतात, गाल दस्त्यावरून उचलावा लागतो आणि नेम डगमगतो. प्रकाशणारा ठिपका असलेली रेटिकल (स्कोपमधली नेमाची खूण) मात्र झाडीत उपयोगी आहे. काळी रेघ काळ्या बुंध्यावर हरवते, लाल ठिपका हरवत नाही.

माउंटवर पैसे वाचवू नका. झीरो (नेम धरला तिथेच गोळी लागावी अशी स्कोपची जुळणी) सरकतो त्यातल्या बहुतेक वेळी दोष रायफलीचा नसतो, सैल स्क्रूचा असतो. स्क्रू आणि भोकं आधी स्पिरिटनं पुसा, तेल ठेवू नका. बेसचे (रिंगखालच्या पट्टीचे) स्क्रू अडीच न्यूटन-मीटरच्या आसपास, रिंगचे दोनच्या आसपास, किंवा पुस्तिकेत दिलं असेल तेवढे. टॉर्क-स्क्रूड्रायव्हर नसेल तर दुकानातून घट्ट करून घ्या. हाताच्या अंदाजानं रिंग जास्त आवळली तर स्कोपच्या नळीला चिमटा बसतो आणि आतली भिंगं नीट हलत नाहीत. घट्ट झाल्यावर स्क्रूच्या डोक्यापासून रिंगवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. रेघ तुटली की स्क्रू फिरला.

झीरो असा करा. बोल्ट काढून रायफल पिशव्यांवर स्थिर ठेवा, नळीतून २५ मीटरवरच्या टार्गेटचा मध्य बघा आणि रायफल न हलवता रेटिकल तिथे आणा. एक गोळी. पाव मिनिटाच्या (हे कोनाचं मिनिट, अंशाचा साठावा भाग) स्कोपची एक टिक १०० मीटरवर ७ मि.मी., पण २५ मीटरवर पावणेदोन-एक मि.मी. च हलवते. म्हणजे २५ मीटरवर ४ से.मी. चूक असेल तर २२ टिका फिरवाव्या लागतील. नवीन लोक इथे चार टिका फिरवून ‘स्कोप बिघडला’ म्हणतात. मग १०० मीटरवर जा आणि तीन-तीन गोळ्यांचे गट मारा, मध्ये नळी थंड होऊ द्या. पातळ नळी तापली की गट वर सरकतो.

.३०८ चा झीरो १०० मीटरवर धरला तर ५० मीटरवर गोळी जवळजवळ मध्यावरच लागते, २५ मीटरवर दीडेक से.मी. खाली, आणि २०० मीटरवर १२ से.मी. च्या आसपास खाली. झाडीत याहून जास्त काही लक्षात ठेवायला नको. सप्रेसर लावून झीरो केला असेल तर तो काढल्यावर गोळी दुसरीकडे लागते. ज्या स्थितीत शिकार करणार त्याच स्थितीत झीरो करा.

हटव्हॅलीकर

मनापासून आभार. ‘झीरोच्या टिका’ हा भाग कुणीच सांगितला नव्हता.

.३०८ नक्की. आता वापरलेल्या रायफलींत तीन दिसतात: एक हाउवा १५०० निळ्या पोलादाची, एक रेमिंग्टन ७०० आणि तीच दुकानातली .३०३. खरेदीआधी काय काय तपासावं? .३०३ चा इतिहास बघून मोह होतो. आणि एका मित्राच्या ओळखीत ७.६२ बाय ३९ ची छोटी बोल्ट रायफलही विकायला आहे.

लोखंडीकाम

.३०३ बद्दल आधी, कारण मोह मलाही समजतो. १९३० च्या दशकापासून सरकारी हरीण-मारे याच रायफली खांद्यावर घेऊन या रानांत फिरले आणि अजूनही ती हरीण पाडते. पण पहिली रायफल म्हणून नको. .३०३ म्हणजे ली-एनफील्ड, तिला स्कोप लावायला भोकं पाडावी लागतात किंवा महागडा खास माउंट लागतो. जुन्या कॉर्डाइट दारूनं अनेक नळ्या चेंबरपुढे (काडतूस बसतं त्या जागेपुढे) झिजलेल्या आहेत. तिच्या नंबर ४ या प्रकारात हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतुसाच्या बुडामधली मोकळीक) जुळवायला ० ते ३ क्रमांकांची बोल्टची टोकं होती, आणि मागच्या सत्तर-ऐंशी वर्षांत कुणी कुठलं टोक कुठल्या रायफलीत घातलं हे सांगता येत नाही. रायफल आणि बोल्टवरचे नंबर जुळत नसतील तर गनस्मिथनं गेजनं मोजल्याशिवाय त्यातून गोळी झाडायची नाही. शिकारीची काडतुसं .३०८ पेक्षा महाग आणि कमी ठिकाणी. स्वस्त रायफल वर्षभरात महाग होते ती अशी.

रेमिंग्टन ७०० उत्तम रायफल, पण चाप तपासा. १ मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ या काळात बनलेल्या एक्स-मार्क प्रो चापाच्या रायफली कंपनीनं २०१४ मध्ये परत मागवल्या, कारण काही वेळा चाप न ओढता गोळी सुटण्याची शक्यता होती. विकणाऱ्याला अनुक्रमांक विचारा आणि दुरुस्ती झाल्याचा कागद मागा. त्याआधीच्या जुन्या वॉकर चापाच्या रायफलीत मी दुसऱ्या कंपनीचा नवा चाप बसवल्याशिवाय रानात नेऊ देणार नाही. त्या चापाचे पैसे किमतीतून वजा करायला सांगा.

आता तपासणी, कुठलीही रायफल असो. रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटानं, दोन्हींनी बघा.

चापापासून सुरू करा. कॉक करा (बोल्ट उघडून बंद करा, म्हणजे फायरिंग पिन ताणली जाते), सेफ्टी लावा, चाप जोरात ओढा, सोडा. आता चापाला हात न लावता सेफ्टी काढा. फायरिंग पिन पडली तर रायफल परत करा, किंमत कितीही कमी असो. मग बोल्ट चारपाच वेळा जोरात बंद करा, आणि कॉक केलेल्या स्थितीत दस्त्याचा तळ रबरी चटईवर ठोका. पिन पडता कामा नये.

बोल्ट काढा. दोन्ही लगच्या (बोल्ट अडकवून धरणाऱ्या उंचवट्यांच्या) मागच्या पृष्ठावर सारखी चकाकी हवी. एकच चकाकत असेल तर एकच भार घेतोय. बोल्टच्या तोंडावर पिनच्या भोकाभोवती जळून खळगे पडलेले असतील तर कुणीतरी जास्त दाबाची घरगुती काडतुसं वापरली आहेत.

नळीत मागून टॉर्च धरा आणि तोंडाकडून बघा. खाचा धारदार दिसल्या पाहिजेत. काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे. एखाददुसरा चालतो, ओळ चालत नाही. कोरडा कापडी तुकडा ओढा. हिरवा आला तर तांबं साचलंय, साफ करून पुन्हा बघायला मागा, कारण तांब्याखाली खड्डे लपतात. नळीच्या तोंडाची कड हा सगळ्यात नाजूक भाग आहे. कान साफ करायची कापसाची काडी आतून बाहेर, कडेभोवती फिरवा. कापसाचा धागा कुठे अडकला तर तिथे ओरखडा आहे. नळी कापायचीच असेल तर हा दोष आपोआप जातो, आणि तोंड खराब असलेली हाउवा घासाघीस करून घ्यायला उत्तम.

आटे असतील तर सप्रेसर चढवून गनस्मिथकडून सरळ सळई घालून बघून घ्या. आटे तिरके असले की गोळी सप्रेसरच्या आतल्या पडद्यांना घासते. बाहेरून काहीच दिसत नाही, नेम मात्र कधी इकडे कधी तिकडे. दस्ता लाकडी असेल तर चापाच्या मागे, जिथे ॲक्शन (बोल्ट ज्यात चालतो तो पोलादी भाग) संपते, तिथे तडा शोधा. स्क्रूची डोकी कुरतडलेली असतील तर कुणीतरी चुकीच्या पान्यानं उघडलेली आहे, मग बाकी सगळं दुप्पट लक्षानं तपासा.

निळं पोलाद की स्टेनलेस? इथल्या पावसात स्टेनलेसचा फायदा खरा आहे, पण निळ्या हाउवासाठी तेवढे जास्त पैसे मोजू नका. घरी आल्यावर पाच गोष्टी केल्यात तर ती गंजत नाही. सप्रेसर ताबडतोब काढायचा (तो आत ओल आणि काजळी धरतो आणि नळीचं तोंड खातो), बोल्ट काढायचा, नळीतून कोरडं मग किंचित तेलकट कापड, बाहेरून तेलाचा हात, आणि ओल्या कापडी कव्हरमध्ये रायफल कधीच ठेवायची नाही. रानात सप्रेसर नसेल तर नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिक टेपचा एक तुकडा चिकटवा. चिखल आणि पाणी बाहेर राहतं.

जाळीवाट

७.६२ बाय ३९ बद्दल. छोटी ॲक्शन, हलकी, धक्का कमी, आणि आखूड नळीत छान चालते. १२३ ग्रेनची गोळी ७१५ मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास निघते. १०० मीटरच्या आत सीका आणि फॅलो हरणासाठी ती पुरते. लाल हरणाच्या मोठ्या नरासाठी मात्र जागा नेमकी हवी, तिरक्या नेमाला माफी नाही. शिवाय स्वस्त मिळणारा बहुतेक माल लष्करी पद्धतीच्या फुल मेटल जॅकेटचा, तो सरावालाच. दुसरी रायफल म्हणून घ्यावी. तुम्हाला एकच ठेवायची आहे, तर .३०८ वरच राहा.

आणखी एक कारण, जे मराठी माणसाला लगेच समजेल. तुमच्या उत्तरेला मानावातूत आपलंच सांबर आहे, १८७५-७६ च्या सुमारास सिलोनहून आणलेलं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ज्याला संरक्षण आहे, ते इथे परकं जनावर आहे आणि त्याची शिकार होते. जमीन बरीचशी खाजगी किंवा लागवडीची, परवानगी काढावी लागते. सांबराचा नर लाल हरणापेक्षा थोराड. त्या जाळीत कधी जायची संधी आली तर १८० ग्रेनची .३०८ हाताशी असलेली बरी.

वेल आणि पट्टा: खांद्याचा पट्टा झटकन निघणाऱ्या कड्यांचा घ्या. चढावर वापरा, झाडीत शिरताना काढून खिशात घाला. सप्लजॅक पट्ट्यालाच पहिली धरते. मॅगझीन सुटं असेल तर दुसरं जवळ ठेवा, झाडीत कधी गळून पडतं कळत नाही.

सात_नियम

रायफल, स्कोप सगळं ठीक लिहिलंय. मी फक्त झाडीतल्या धोक्यावर आणि कागदपत्रांवर लिहितो, कारण कमी अंतराच्या शिकारीतच माणसाला हरीण समजून गोळी मारली जाते. आणि तो माणूस वारंवार आपल्याच टोळीतला असतो. दोघं वेगळे झाले, एकाला दुसरा कुठे आहे याचा अंदाज चुकला, झाडीत हालचाल झाली, तपकिरी रंग दिसला.

म्हणून: आवाज, हालचाल, रंग, आकार, यांतलं एक काहीही पुरेसं नाही. डोकं आणि मान, खांदा, नर की मादी, इतकं वेगवेगळं ओळखू आलं पाहिजे. आधी दुर्बिणीनं बघायचं. स्कोपनं ओळखायला जाणं म्हणजे ज्याची ओळख पटली नाही त्याच्यावर रायफल रोखणं. जोडीदार नजरेआड झाला की शिकार थांबली, तो पुन्हा दिसेपर्यंत. अंगावर भडक नारिंगी घाला. हरणाला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही.

चालताना मॅगझीन भरलेलं, चेंबर रिकामं, बोल्ट रिकाम्या चेंबरवर बंद. काडतूस चेंबरमध्ये घालायचं ते सावज ओळखल्यावर, मागचा डोंगर बघितल्यावर. बोल्ट अर्धा उघडा ठेवून चेंबरमध्ये काडतूस घेऊन चालायची एक पद्धत काही लोक शिकवतात. ती शिकू नका. वेलीनं किंवा घसरण्यानं बोल्ट आपोआप बंद होतो आणि तुम्हाला कळतही नाही. बोल्ट हलवायला लागणारे दोन सेकंद झाडीत गेले तरी चालतील.

कागदपत्रं. रायफल घेतल्यावर ३० दिवसांत ती ‘ते तारी पुरेके’ या बंदुकांच्या सरकारी कार्यालयाच्या नोंदवहीत चढवायची. ही नोंदवही २४ जून २०२३ पासून सुरू आहे. खाजगी विक्रेत्याकडून घेताना दोघांनीही एकमेकांचा परवाना तपासून व्यवहार नोंदवायचा असतो. ‘नंतर करू’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. घरी कुलूपबंद तिजोरी भिंतीला किंवा जमिनीला पक्की केलेली हवी, काडतुसं वेगळ्या कुलपात, बोल्टही शक्यतो वेगळा. या तिजोरीचे पैसे तुमच्या २,००० मध्ये धरलेले दिसत नाहीत, ते आधी बाजूला काढा.

रेमुताका आणि तारारुआत शिकारीला संवर्धन खात्याचा परवाना लागतो. तो ऑनलाइन फुकट मिळतो, पण तिथले नियम वाचा. सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास एवढीच वेळ, रात्री दिवा मारून शिकार बंद. झोपडी, पायवाट, तळ यांच्या जवळपास किंवा दिशेनं गोळी नाही. झोपडीत शिरण्याआधी रायफल रिकामी आणि बोल्ट बाहेर. आणि मांस खाणार असाल तर त्या भागात १०८० किंवा दुसरं विष टाकलंय का हे खात्याच्या नकाशावर आधी बघा.

हटव्हॅलीकर

तिजोरीचं खरंच धरलं नव्हतं. आता असा विचार आहे: वापरलेली निळी हाउवा .३०८, नळी १८ इंच करून ५/८ बाय २४ आटे, १.५-४ चा स्कोप, सप्रेसर दोन महिन्यांनी. चुकतंय का काही? आणि पहिल्या शिकारीआधी किती गोळ्यांचा सराव पुरे?

भिंगवाला

एकच दुरुस्ती. नळी आत्ता कापा, सप्रेसर नंतर आणा हे ठीक आहे, पण मग झीरो दोनदा करावा लागेल. त्याच्या वीस गोळ्या हिशेबात धरा. तोपर्यंत आट्यांवर टोपी बसवून घ्या, उघडे आटे झाडाला ठेचतात. आणि १८ इंची उघडी .३०८ कानाजवळ १६० डेसिबलच्या पुढे जाते, रेंजवर कानात बोळे आणि वर मफ दोन्ही. सप्रेसर पंचवीस-तीस डेसिबल कमी करतो, तरी रेंजवर कान झाकायचेच.

सराव: वीसच्या तीन पेट्या. पहिली झीरोला. उरलेल्या दोन पेट्या टेबलावरून मारू नका. डीअरस्टॉकर्स असोसिएशनच्या शाखेच्या रेंजवर परवानगी असेल तर ३० आणि ५० मीटरवर १५ से.मी. ची कागदी ताटली लावा. उभं राहून, गुडघ्यावर बसून, खांबाला डावा हात टेकवून (रायफल खांबाला नाही, हात खांबाला). दहापैकी नऊ ताटलीत येईपर्यंत त्या अंतरावर हरणावर नेम धरायचा नाही.

हाउवाचा दस्ता चापापासून तळापर्यंत साधारण ३४-३५ से.मी. आहे. तुमच्या उंचीला नुसत्या शर्टवर तो कसाबसा बसेल, पण रेनकोट आणि पाठपिशवीच्या पट्ट्यावर लांब पडेल. घेण्याआधी दुकानात तोच रेनकोट घालून, पिशवी पाठीला लावून, डोळे मिटून खांद्याला लावा आणि डोळे उघडा. स्कोपमध्ये पूर्ण गोल दिसला तर ठीक. कडेनं काळी चंद्रकोर दिसली तर स्कोप पुढेमागे करून बघा. तरीही राहिली तर दस्ता दोन से.मी. कापून रबरी पॅड पुन्हा बसवून घ्या. नळी कापणारा गनस्मिथच ते त्याच फेरीत करून देईल.

लोखंडीकाम

घरच्या सरावाला .३०८ ची दोन डमी काडतुसं घ्या, प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची. खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात, चेंबर दोनदा तपासलेलं, मग रोज दहा मिनिटं: खांद्याला लावणं, सेफ्टी काढणं, चाप, बोल्ट. हाउवाच्या चापाचा पहिला टप्पा संपून दुसरा कुठे लागतो हे बोटाला आठवडाभरात कळतं. आणि गनस्मिथकडे रायफल टाकाल तेव्हा ॲक्शनचे दोन्ही स्क्रू पुस्तिकेप्रमाणे घट्ट करायला सांगा. नळी कापताना ते सुटे होतात, आणि घाईत नुसते हातानं लावून दिलेले असतात.